अडतीस हरवलेल्या पाठी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० नोव्हेंबर २००३

चि. संघूस,

तुझ्या आज्जीचा जयभीम आणि दोन्ही गालांचा एकेक मुका. एक तुझा, एक जो यायचा हाय त्याचा.

नागसेनचा फोन शेजारच्या बाळासोकडं आला. बाळासोनं खिडकीतनंच आरोळी ठोकली, "पारूआज्जी, पणजी झालीस की!" म्हंजे माझ्या आधी गल्लीला कळलं. मी मशीनवर होते. पाय असा सुटला की तलाठीणबाईंच्या झंपराची बाही पार काखेपतूर शिवून गेली. उसवत बसले आणि उसवताना हसत होते. तलाठीणबाई दारात उभ्या, त्यांना वाटलं म्हातारीला काय झालं.

मी फोनवर बोलले न्हाय म्हणून नागसेन जावईबापूंनी राग मानू ने. बाळासोची बायको कणीक मळायची थांबवून ऐकत उभी ऱ्हाती. त्यापरीस पत्र बरं. दुसरी पास होऊन अक्षरं विसरलेल्या बाईचं पत्र हाय, काना-मात्रा चुकला तर मास्तरणीनं सांभाळून घ्यावं. मास्तरीण तूच. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर तू छातीपास्नं कंबरेपतूर प्लास्टरात सा महिने पडून होतीस, आणि पडल्या पडल्या पाटीवर मला बाराखडी गिरवून घेत होतीस. तेरा वर्षाची पोर आणि पन्नाशीची विद्यार्थीण. मी ढ लिहिला की हसायचीस, आणि प्लास्टरात हसलं की दुखतंय म्हणून रडायचीस.

आता कामाचं. वरणात तूप घालून खा. ऑफिसात लई वेळ बसू नको, तुझ्या पाठीतल्या सळईला बसणं मानवत न्हाय हे मला ठाऊक हाय, तू किती बी लपीव. वारणानगरला तुझ्या आईला कळवलंय, ती दुधाच्या संघात सगळ्यांना पेढं वाटत सुटली असंल. मी दुपट्यांना मऊ धोतरं जमवायला लागले. तीन झाली. गल्लीतल्या आकारामच्या आईनं एक दिलं, पण त्याला भोक हाय आणि ते तिला बी ठाऊक होतं.

दिवस किती झाले, कुणाला दाखवलं, सगळं लिही.

तुझी आज्जी
पारूबाई


पुणे
१४ नोव्हेंबर २००३

प्रिय आज्जी,

जयभीम. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. प्लास्टर नसूनही दुखलं.

नऊ आठवडे झालेत. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. पाठीत सळई आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पोट वाढलं की कण्यावर ताण येणार, धाप लागणार. धोका कशाला घेता? पाच डिसेंबरपर्यंत ठरवा, त्यानंतर काढणं अवघड." काढणं. असंच म्हणाल्या, दाढ काढावी तसं.

आज्जी, मला हे बाळ हवंय. पण बाळाला कडेवर घ्यायच्या आधी मीच अंथरुणाला खिळले तर? नागसेन म्हणतो, तू ठरवशील ते. म्हणजे तोही घाबरलाय.

मग मी एक केलं. तुला ठाऊक आहे, मी इथल्या त्याच मोठ्या दवाखान्यात नोंदी ठेवायच्या नोकरीला लागले, जिथे माझं ऑपरेशन झालं होतं. पण माझ्या पाठीचं मी आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना, सरांना, सांगितलं नव्हतं. नोकरी मिळणार नाही अशी भीती. सोमवारी सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच. कारण सरांचं संशोधन यावरच आहे. शहाऐंशी ते चौऱ्याण्णव या काळात इथे एकसष्ट मुलींच्या वाकड्या कण्यावर ऑपरेशनं झाली. कणा किती अंशांनी सरळ झाला याची नोंद आहे, दोन वर्षांपर्यंतची. पुढे काय? दहा वर्षांनी दुखतं का, सळईच्या खालचे मणके झिजतात का, वाकता येतं का, बाळंतपणात काय झालं, हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही. सर म्हणाले, "परदेशातल्या बायकांबद्दल थोडं छापलंय. त्यांची बाळंतपणं बहुतेक नीट झाली. पण त्या खाली बसून भाकरी थापत नाहीत, डोक्यावर वैरण आणत नाहीत. आपल्या बायकांचं मला माहीत नाही. छातीवर हात ठेवून तुम्हाला काही सांगू शकत नाही."

एकसष्टपैकी अडतीस जणींच्या नावापुढे रजिस्टरात 'हरवली' असा शिक्का आहे. कार्डं पाठवली, कोणी आलंच नाही. त्या अडतिसांत सतरावं नाव कुणाचं असेल? संघप्रिया कांबळे, मंगळवार पेठ. तीन कार्डं पाठवल्याची नोंद आहे. तीन महिने मी त्या शिक्क्यासमोर बसून काम करतेय.

आज्जी, आपल्याकडे कधी कार्ड आलं होतं का?

तुझी
संघू


कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २००३

संघे,

हरवली म्हंजे काय? जत्रंत हरवती ती हरवली. माझी पोर माझ्या दारात बसून अभ्यास करत होती, इथनंच कॉलेजात गेली, इथनंच मांडवात उभी ऱ्हायली, आणि तुमच्या रजिस्टरात हरवली? अडतीस बायका हरवल्या आणि एक बी पोलीस धावला न्हाय? त्या सरांना सांग, हरवलाय तुमचा दवाखाना. आमी जिथल्या तिथं हाय.

आणि ती डॉक्टरीण. ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय म्हणावं बाईनं. पेन खाली ठेवती म्हंजे काय? मी अठ्ठेचाळीस वर्षं कापड कापते. एखादं कापड नवं असलं तर आधी कोपरा पाण्यात बुडवून बघते, आटतंय का. न बघता कातर लावत न्हाय. हिनं न बघताच कातर उचलली.

कार्डाचं विचारलंस. आपला पोस्टमन गणपतराव रिटायर झाला, त्याच्या गुडघ्याचं पाणी काढलं. मुलीकडं इचलकरंजीला असतो. चांगला माणूस. पत्र द्यायच्या आधी वाचायचा तेवढीच एक खोड. नवा पोस्टमन सायकलवरनं उतरत बी न्हाय, पत्र उडवतो, ते परवा आमटीत पडलं.

मला त्या अडतीस जणींचे पत्ते पाठवून दे. आपल्या भागातल्या किती हायत? मी शोधते. पाच तारखेपतूर सतरा दिवस हायत. सतरा दिवसांत मी एका लग्नाचे चाळीस झंपर शिवलेत, अस्तरासकट.

तुझी आज्जी


पुणे
२१ नोव्हेंबर २००३

प्रिय आज्जी,

पत्ते पाठवता येणार नाहीत. पेशंटची नावं बाहेर द्यायची नाहीत असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. एवढंच सांगते की अडतीसपैकी चौदाजणी कोल्हापूर-सांगली भागातल्या आणि निपाणीकडच्या. त्यांची कार्डं परत येतात. वर लिहिलेलं असतं, 'या नावाची बाई इथे राहत नाही.' काही परत येतही नाहीत, काही उत्तरही येत नाही. सर म्हणतात, खेड्यातले लोक बेफिकीर असतात. मला ते पटत नाही, पण मग कारण काय तेही सुचत नाही.

सरांचे प्रश्न सोबत पाठवतेय, दोन पानं आहेत. तुला कोणी भेटलंच तर.

आणि आज्जी, गणपतरावांचा गुडघा कळला. कार्डाचं कळलं नाही.

संघू


कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २००३

संघूस,

मशीनचा खण उघडून लिहिते. तिन्ही कार्डं माझ्यासमोर हायत. सुया-बॉबिनींच्या खाली ठेवलेली. फाडायचं धाडस झालं न्हाय, आणि तुला द्यायचं बी न्हाय.

पयलं आलं तवा तू दहावीला होतीस, अभ्यास बुडंल म्हणून ठेवून दिलं. ते खोटंच. खरं सांगू? उघडं कार्ड. मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीस यावे.' गणपतरावानं वाचलं, त्याच्या आधी बाळासोच्या आईनं वाचलं. आठ दिवस नळावर तोच विषय. "पोरीच्या पाठीत लोखंड हाय म्हणं." तिसरं कार्ड आलं ते नागसेनच्या घरचे तुला बघायला यायच्या आदल्या दिवशी. मी पदराखाली धरून आत नेलं. तू मातर माझं न ऐकता नागसेनला देवळाच्या... न्हवं, विहाराच्या पायरीवर बसून सगळं सांगून टाकलंस. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले न्हवते. आठवतंय?

आता त्याच्या आधीचं बी सांगते, येवढं निघालंय तर. तू दहा वर्षाची असताना युनिफॉर्मचं माप घेतलं. डावं-उजवं दोन बोटं चुकत होतं. वहीत लिहिलेलं हाय. मी काय केलं? उजव्या खांद्याचं कापड उतरतं कापलं, डाव्याला आत गादी घातली, घेर तिरपा धरला. असा बेमालूम फ्रॉक शिवला की पोर सरळ दिसायला लागली. दोन वर्षं मी तुझा वाकडेपणा शिवून झाकला. मला अभिमान होता गं त्या शिलाईचा. शाळेच्या खेळाच्या बाईंनी तुला वाकायला लावलं तवा पाठीवरचा उंचवटा दिसला, तवर लई पुढं गेलं होतं. दहाव्या वर्षी दाखवलं असतं तर नुसत्या पाठीच्या पट्ट्यावर भागलं असतं का? हे सरांना विचार. उत्तर काय बी असू दे, मला कळव.

आता तुमच्या सरांच्या बेफिकिरीचं. पोरी बारा-तेरा वर्षाच्या असताना कापल्या. आता त्या पंचवीस-तीसच्या. लग्नं झाली. आडनाव बदललं, गाव बदललं. आणि आमच्याकडं लई घरांत मांडवातच नवरीचं नाव बी बदलतात, तांदळात लिहून. आपल्या वळखीतली एक वैजयंता मांडवात गेली आणि प्रियदर्शनी झाली. तुमचं कार्ड माहेरी वैजयंताला शोधतंय! आणि माहेरच्यांनी ते चुलीत घातलं, कारण सासरी सांगितलेलंच न्हाय. माझ्यावरनं मी सांगते.

ह्या बायका कुठं हायत ते एकाच जातीच्या माणसाला ठाऊक असतंय. झंपर शिवणाऱ्या बाईला. ज्या बाईच्या पाठीवर मानंपास्नं शिवण हाय ती म्हणती, "मावशी, पाठ बंद ठेवा, गळा वर धरा, उजव्या खांद्याला थोडी गादी." हे कधी कुणाला सांगायचं न्हाय, आमचा धंद्याचा धर्म. म्हणून मी कुणाचं नाव विचारणार न्हाय. मी चिठ्ठ्या लिहिल्या, अठरा. जयसिंगपूर, शिरोळ, वारणानगर, कागल, निपाणी, सगळीकडल्या शिवणाऱ्या बायांना एसटीच्या कंडक्टरांकडनं पोचवल्या. त्यात लिहिलंय: माझ्या नातीच्या पाठीत सळई हाय. तिला दिवस गेलेत. डॉक्टरांना सांगता येत न्हाय. तुमच्याकडं पाठ बंद झंपर शिवणारी कुणी आली तर तिलाच ही चिठ्ठी द्या. वाटलं तर तिनं रविवारी तीस तारखेला मंगळवार पेठेत पारूबाईकडं माप द्यायच्या निमित्तानं यावं. नाव विचारणार न्हाय.

ह्या पत्राचा राग आला तर राग कर. पण जेवून कर.

आज्जी


पुणे
२७ नोव्हेंबर २००३

आज्जी,

राग आला. दोन तास. त्यात जेवलेही.

ती कार्डं मिळाली असती तर मी आले असते की नाही, कोण जाणे. मीही तीन महिने लपवलंच की.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "पट्ट्यावर भागलं असतं की नाही, सांगता येत नाही. कुठल्या मुलीचा कणा वाढेल आणि कुठलीचा थांबेल, हे आधी ओळखायला आम्हाला अजून येत नाही." म्हणजे आज्जी, तू चुकलीस की नाही हेसुद्धा अजून कोणी शोधलेलं नाही. तुला यात समाधान वाटावं म्हणून लिहीत नाही. आहे तसं लिहिलं.

उघड्या कार्डाचं आणि बदललेल्या नावांचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शिपायाला बंद पाकिटं आणायला पाठवलं.

एकच मागते. रविवारी कोणी आलं आणि वाईट काही सांगितलं, तर तेही लिही. माझ्या काळजीपोटी गादी घालून शिवू नकोस.

संघू


कोल्हापूर
१ डिसेंबर २००३

संघूस,

बस. पाणी पी. मोठं पत्र हाय, काल दिवसभराचं.

आधी शुक्रवारचं सांगते. शिरोळहून निरोप आला, एक बाई हाय पण ऊसतोड चालू हाय, तिला येता येईना, तुमी या. मी एक झंपराचं पाकीट घेतलं आणि गेले. शेतातलं घर, दारात ट्रॅक्टर. ती बाई, हीच ती वैजयंताची प्रियदर्शनी, मला बघून पांढरी पडली. सासू सोप्यात लसूण सोलत बसलेली. मी म्हटलं, झंपर द्यायला आले. सासूनं मान वर केली.

"पावणं, झंपराचं सोंग कशाला करताय? सळईचं इचारायला आलाय न्हवं?"

प्रियदर्शनीच्या हातातला तांब्या खाली पडला.

"आत्याबाई, तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? दुसऱ्या बाळंतपणात चाळीस दिस न्हाऊ घातलं तुला. पाठीला तेल मीच चोळलं. मानंपास्नं कंबरेपतूर शिवण हाय, माझ्या हाताला कळंना व्हय? म्हणं कुळवावर पडलेली! कुळवावर पडल्यावर अशी वळंबा लावल्यागत सरळ शिवण येती?"

"मग सात वर्षं बोलला का न्हाईसा?"

"तू बोलंनास, म्हणून मी बी न्हाय. म्हटलं, पोरीला वाटंल हाकलत्यात."

मग दोघी रडायला लागल्या आणि मी लसूण सोलत बसले. काय करू, कुणीतरी सोलाय पायजे होता. सासू म्हणाली, रविवारी आमी दोघी येतो, ट्रॅक्टरनं. आणि आल्या, भर मंगळवार पेठेत, ट्रॉलीत सतरंजी टाकून, राणीगत बसून.

काल सातजणी आल्या, सासू धरून आठ. दाराला पडदा लावला. पयल्यांदा सगळ्या खरंच मापं देत होत्या. मग निपाणीची एक आक्का होती, कानडी-मराठी एकत्र बोलणारी, ती म्हणाली, "अव्वा, किती येळ खोटं माप घेताव?" आणि तिनं पदर काढून पाठ फिरवली. मग एकेकीनं फिरवली. सात पाठी, संघे. सातांवर तीच शिवण. मी शिलाई ओळखते. तीन पाठी एकाच हाताच्या हायत, टाका जवळ जवळ घालणारा. त्या डॉक्टराला माझा नमस्कार सांग, जिता असला तर.

सरांची दोन पानं काढली. पयला प्रश्न, कण्याचा सध्याचा कोन किती. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. कोण आपला कोन घेऊन फिरतंय? मी पानं बाजूला ठेवली आणि आपले प्रश्न विचारले. भाकरी खाली बसून थापता का उभ्यानं? लेकरू कुठल्या कडेवर घेता? न्हाणीत केस धुताना वाकता का बसता? भांगलायला जमतंय का? पाळीत जास्त दुखतंय का? नवऱ्यानं पयल्यांदा पाठ बघून काय म्हटलं? शेवटच्याला लई हसल्या, पण सांगितलं. प्रियदर्शनी बारावी हाय, तिनं सगळं लिहून काढलं. सोबत बारा पानं हायत.

आता ऐक. सातातल्या पाचजणींना पोरं झाली. सगळी मिळून नऊ. नऊच्या नऊ जिती, एक बी वाकडं न्हाय. कुणी बी अंथरुणाला खिळली न्हाय. प्रियदर्शनी वाकत न्हाय, पण पाठ ताठ ठेवून उकिडवी बसती आणि तशीच सरकत भांगलती, दोघींचं काम एकटी.

हे चांगलं झालं. आता दुसरं, तू म्हणालीस म्हणून.

निपाणीच्या आक्काला बाळंतपणात टेबलावर घेतलं, पाठीत भुलीची सुई घालायला गेले, सुई जाईना. तिनं सळईचं सांगितलंच न्हवतं, नवरा बाहेर उभा म्हणून. धावपळ झाली, नाकावाटं भूल दिली. जाता जाता वाचली. का, तर लाजंपायी. तू सगळ्यांना आधी सांगायचं, ओरडून.

आणि निळ्या लुगड्याची एक होती. नाव सांगितलं न्हाय. दोन पोरं झाल्यावर तिसऱ्या वर्षी तिची सळई आत तुटली. बाळंतपणानं तुटली का वीटभट्टीवर डोक्यानं विटा वाहिल्या म्हणून, तिला बी ठाऊक न्हाय. परत ऑपरेशन झालं. आता दोन तास उभी ऱ्हायली की पाय मुंग्या येऊन बधिर होतो. नवरा माहेरी सोडून गेला. तिचं पान मी मशीनच्या खणात टाकलं होतं. सकाळपतूर तिथंच होतं. तुझं पाकीट चिकटवलं, परत फोडलं, आणि घातलं. बारावं पान तेच हाय. जाताना तिला विचारलं, बाई, पोरं झाली त्याचं वाईट वाटतं का? माझ्यावर अशी डाफरली! म्हणाली, "पोरांचं न्हाय. सळई तुटल्यावर दवाखान्यानं इचारलं न्हाय, त्याचं वाटतंय."

हे तसंच्या तसं सरांना वाच.

आता तू ठरीव. मी काय म्हणते ते तुला ठाऊक हाय, म्हणून म्हणत न्हाय.

आज्जी


पुणे
४ डिसेंबर २००३

प्रिय आज्जी,

बारा पानं सरांनी उभ्यानं वाचली. मग म्हणाले, "सात बायकांवरून काही सिद्ध होत नाही." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "पण जिथे एकीचंही माहीत नव्हतं, तिथे आता सात आहेत." निळ्या लुगड्याच्या बाईंची तपासणी त्यांना करायची आहे, मोफत. निरोप पोचव, बंद पाकिटात.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेले, एक दिवस आधीच. त्यांना सांगितलं, काही सिद्ध झालेलं नाही, धोका असेलही, आणि मी बाळ ठेवतेय. त्या म्हणाल्या, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, ती आधीपासून माझीच होती. मग मी फाईल उचलून आपल्या दवाखान्यात आणली. इथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना सरांनी आत्तापासूनच माझे एक्सरे दाखवून ठेवलेत. नागसेननं घरी येताना पाळण्याची चौकशी केली. घाबरलेलाच आहे, पण चौकशी पाळण्याची केली.

दहाव्या पानावर तू कोपऱ्यात काहीतरी लिहून खोडलंयस. दिव्यासमोर धरून वाचलं. "संघे, ठेव गं." असं आहे.

तुझी
संघू


पुणे
३ जुलै २००४

प्रिय आज्जी,

माझं बाळंतपण करून तू इथून परत जाऊन दहाच दिवस झाले, तरी लिहावंसं वाटलं. फोनवर हे सांगता आलं नसतं.

शेवटचे दोन महिने पाठीनं काय केलं ते तू डोळ्यांनी बघितलंस. बाळ आडवं होतं म्हणून पोट उघडावं लागलं, पाठीमुळे नाही. भूल आधीच ठरलेली होती, धावपळ झाली नाही. हे सगळं मी स्वतः माझ्या फाईलमध्ये लिहिलं, दुखल्याचं धरून.

काल सरांनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. सतराव्या नावापुढचा शिक्का मी माझ्या हातानं खोडला आणि लिहिलं, 'हजर, मुलीसह'. अडतीसपैकी एकवीस जणी आता लागल्या आहेत. पाकिटं बंद जातात, आईच्या नावानं जातात, आणि शिवणाऱ्या बायांकडून जातात. मुंबईला डॉक्टरांची बैठक आहे, तिथे सर वाचणार आहेत. आणखी वीस वर्षं सगळ्यांची दर वर्षी विचारपूस करायची असं त्यात मांडलंय. प्रश्नांच्या यादीत सरांचे अकरा आहेत, तुझे सव्वीस. 'लेकरू कुठल्या कडेवर घेता' हा पहिला. नवऱ्याचा प्रश्न ठेवावा की नाही यावर सर अडलेत. मी ठेवायला लावला.

बारसं अठराला, कोल्हापुरात, तुझ्याच दारात. नाव अक्षता.

संघू


कोल्हापूर
८ जुलै २००४

चि. संघूस, आणि जिला अजून वाचता येत न्हाय त्या अक्षताबाईस,

जयभीम, आणि मुके मोजून घ्या.

बारशाची तयारी झाली. बाळासोनं अंगणात पत्रा टाकून दिला, त्याची बायको आता कणीक मळता मळता सगळ्या गल्लीला तुमच्या रजिस्टरचं सांगती, चुकीचं सांगती, पण सांगती. सरांना बोलावलंय. खाली बसून जेवायचंय म्हणावं, पाटावर. मग त्यांना कळंल आमच्या प्रश्नांचं.

एक काम मी माझ्या मनानं सुरू केलंय. मंगळवार पेठेतल्या सगळ्या शिवणाऱ्या बायांना बोलावून वहीतलं तुझं दहाव्या वर्षाचं पान दाखवलं. सांगितलं, ज्या पोरीचं डावं-उजवं दोन बोटं चुकंल, तिथं गादी घालायची न्हाय. तिच्या आईला आत बोलवायचं आणि दवाखान्याचा पत्ता द्यायचा. दोघींनी विचारलं, गिऱ्हाईक रागावलं तर? म्हटलं, रागावू दे. माझी नात बी रागावलेली, दोन तास. परवा एक आठ वर्षाची पोर सापडली. पट्टा लावलाय. थांबंल का वाढंल, बघू. सरांच्या वहीत तिला घालायला सांग, आणि ह्या खेपी हरवायची न्हाय.

तुझ्या झंपराचं माप मागत न्हाय, माझ्याकडं हाय. डाळिंबी खण घेतलाय. खांद्याला गादी न्हाय, खांदा जसा हाय तसा. आणि पाठीचा गळा खोल धरलाय, नऊ इंच. इतक्या वर्षांत तुझ्या पाठीला येवढा खोल गळा मी पयल्यांदा कापला. कातर लावताना हात थांबला होता, खोटं कशाला सांगू. मग लावली.

प्रियदर्शनीच्या सासूनं निरोप धाडलाय, आमच्या सुनंचा दहा इंच पायजे. निपाणीची आक्का म्हणती तिला मागं नाडी बी पायजे, गोंड्याची. निळ्या लुगड्याच्या बाईनं नाव कळवलंय. पद्मिनी. तिचा आठ. सगळ्या बारशाला येणार हायत.

फोटोवाल्याला सांगून ठेवलंय, सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं आणि एक फोटो पाठमोरा काढायचा.

तुझी आज्जी
पारूबाई